हायपरटेक्स्टचे जनक बर्नर्स-ली? कैच्या कै!

बोरूबहाद्दर: काल इथे एकाने ठोकून दिलंय, 'टिम बर्नर्स-लींनी १९८९ मध्ये हायपरटेक्स्ट शोधून काढलं.' डोकंच फिरलं. लींनी काढलं ते वेब; हायपरटेक्स्ट, म्हणजे दुव्यांनी एकमेकांना जोडलेला मजकूर, त्याच्या कितीतरी आधीचं. अहो, हा शब्द टेड नेल्सनच्या १९६५ च्या पेपरात आहे. १९६७ मध्ये ब्राउन विद्यापीठात व्हॅन डॅमच्या चमूने नेल्सनला सोबत घेऊन आयबीएमच्या मशीनवर ते चालवूनही दाखवलं. ९ डिसेंबर १९६८ ला एंगलबार्टने सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत माउसने लिंका उघडल्या. तेव्हा बर्नर्स-ली १३ वर्षांचे होते!

चिंचगूळ: नेल्सनचं कौतुक पुरे. त्याचा हायपरटेक्स्ट प्रकल्प झनाडू १९६० पासून मांडव घालून बसलाय, नवरदेवाचा पत्ता नाही. ऑटोडेस्क कंपनीने पैसे ओतले आणि १९९२ ला हात झटकले.

ओसरी: अमेरिकेबाहेर काही घडतच नाही का? ब्रसेल्सच्या पॉल ऑटलेने एक कोटीहून जास्त कार्डांची सूची उभी केली. १९३४ मध्ये तो टेबलावरच्या पडद्यावर लांबच्या ग्रंथालयातलं पुस्तक वाचायचं म्हणत होता.

चिंचगूळ: कार्डं म्हणजे हायपरटेक्स्ट? मग आमच्या वाचनालयातल्या शिपायालाही जनक करा.

बोरूबहाद्दर: फाटे नकोत. झनाडूचा दुवा दोन्हीकडून बांधलेला, पान हललं तरी तुटायचा नाही. लींनी एकतर्फी दुवा घेतला आणि जगाला '४०४, पान सापडत नाही' दिला. माझ्या मामांचे दशावतारावरचे लेख एका पोर्टलवर होते. पोर्टलने कात टाकली, सगळे दुवे मेले.

चिंचगूळ: लेखच पुसले तर दुतर्फी दुवा काय डोंबल करणार? आणि एकतर्फी होता म्हणूनच कुणालाही न विचारता लिंक देता आली. मामांनी प्रत नाही ठेवली?

बोरूबहाद्दर: मामांवर घसरू नका, सांगून ठेवतो.

ओसरी: प्रत असून उपयोग काय? तेव्हा प्रत्येक मराठी साइटचा फॉन्ट वेगळा. माझी जुनी पानं उघडली की नुसती खिचडी. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकच संकेत, येण्याआधीचं अर्धं मराठी असंच गेलं, त्यावर कुणी धागा काढत नाही.

चिंचगूळ: +१. मूळ मुद्दा: १९९३ च्या सुरुवातीला मिनेसोटा विद्यापीठाने वेबचा तेव्हाचा प्रतिस्पर्धी असलेल्या गोफरच्या सर्व्हरला फी लावायचं काढलं, आणि ३० एप्रिलला सर्नने, म्हणजे लींच्या संशोधन संस्थेने, वेब सगळ्यांना फुकट खुलं केलं. खेळ तिथे फिरला. तुमच्या हायपरटेक्स्टवाल्या पंडितांनी १९९१ च्या परिषदेत लींचा पेपर नाकारला होता, नुसतं प्रात्यक्षिक करू दिलं.

बोरूबहाद्दर: बरं बाबा, जनक नाही, दत्तक बाप म्हणा. खूश?

ओसरी: मामांच्या फाइली कुठे सापडल्या तर फॉन्टचं नाव कळवा. माझ्याकडे दोन-तीन कन्व्हर्टर आहेत, रफार सोडून बाकी नीट येतं.