पंपावर नवीन कॅमेरे बसवायचेत, किती आणि नेमके कुठे?

एलबीएसवाला_पंप
नमस्कार मंडळी. आमचा पूर्व उपनगरात एलबीएस रोडवर पेट्रोल पंप आहे, डीलरशिप काकांच्या नावावर पण रोजचं सगळं आता मीच बघतो. आठ जुने कॅमेरे आहेत, त्यातले दोन बंद. मागच्या महिन्यात एक गाडीवाला टाकी फुल करून पैसे न देता निघून गेला, फुटेज काढलं तर गाडी पांढरी आहे एवढंच कळतंय, आता मुंबईत पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत? त्यात खोटा यूपीआय स्क्रीनशॉट दाखवणारे वेगळेच, गर्दीच्या वेळी मुलं बिचारी मोबाइलचा हिरवा टिक बघतात आणि जाऊ देतात. कोटेशनवाला म्हणतो २४ कॅमेरे लावा, एआय, चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर, सगळं घ्या. काका म्हणतात चार लाव आणि धंद्याकडे बघ. शिवाय स्टाफमध्ये कुजबुज सुरू झालीये की मालकाला आमच्यावर संशय आहे. ज्यांचा पंप आहे किंवा जे हे काम करतात त्यांनी जरा सांगा, चोरी नेमकी कुठे पकडली जाते आणि पैसे कुठे वाया जातात?

मुलुंड_डीलर
भाऊ, पळून गेलेली गाडी डोळ्यात खुपते म्हणून सगळे कॅमेरे नोझलवर लावू नका. एका गाडीचे गेले तर दोन-तीन हजार जातील, टँकरमध्ये गडबड झाली तर किती जातील याचा हिशोब करा. माझा सगळ्यात चांगला कॅमेरा फिल पॉइंटवर आहे, म्हणजे टँकरमधून जमिनीखालच्या टाकीत माल सोडतात तिथे. टँकर आला की सील आणि लॉक तपासणं, अर्थिंगची क्लिप लावणं, थोडा वेळ माल स्थिर होऊ देणं, डेन्सिटी घेणं (चलनावरच्या आकड्यापेक्षा १५ डिग्रीला ३ किलो प्रति घनमीटरपेक्षा जास्त फरक आला की थांबायचं), टाकीत डिप टाकणं (मापाची काठी बुडवून पातळी बघणं), वॉटर पेस्ट लावून पाणी बघणं, मग होज जोडायचा, आणि शेवटी टँकरचे सगळे कप्पे खरंच रिकामे झाले का ते वर चढून बघायचं. हे सगळं एका चौकटीत दिसलं पाहिजे. पहाटे साडेचारला टँकर येतो तेव्हा मॅनेजर अर्धा झोपेत असतो आणि ड्रायव्हरला घाई असते, तेव्हाच "राहू दे रे, रोजचंच आहे" होतं.

आता दुसरी गोष्ट, ही कोटेशनवाले कधीच सांगत नाहीत. तुमच्या ऑटोमेशनचं (प्रत्येक विक्री नोंदवणाऱ्या कॉम्प्युटरचं) घड्याळ आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचं घड्याळ एकच पाहिजे. आमच्याकडे पूर्वी सात मिनिटांचा फरक होता, म्हणजे ऑटोमेशनमध्ये १०:४२ ला ५०० रुपयांची विक्री दिसतेय आणि फुटेजमध्ये १०:४२ ला नोझलवर कुत्रंसुद्धा नाही. असल्या फुटेजचा उपयोग शून्य. आता दोन्ही इंटरनेटवरून वेळ घेतात. शिफ्ट संपली की टोटलायझर (मशीनमधला एकूण विक्रीचा आकडा), डिप, कॅश आणि यूपीआयची बेरीज जुळवतो, जिथे फरक येतो त्याच वेळेचं फुटेज उघडतो. दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस ठेवायची काही गरज नाही, असा माणूस अर्ध्या तासाने मोबाइलच बघतो.

लॅमिंग्टन_केबलवाला
मी पंपांचीच कामं करतो म्हणून आधी सेफ्टीचं. डीयूच्या (तेल भरायच्या मशीनच्या) आजूबाजूला, फिल पॉइंटजवळ, टाकीची वाफ बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपजवळ हॅझार्डस एरिया, म्हणजे आग लागू शकेल असा भाग असतो, तुमच्या पेसोच्या (स्फोटक सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या) लायसन्ससोबतच्या नकाशात तो आखलेला असतो, तिथे साधा कॅमेरा, साधा जंक्शन बॉक्स, टेप मारलेला जोड काहीही चालत नाही, फ्लेमप्रूफच लागतं, म्हणजे ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवणार नाही असं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, त्यामुळे डीयूच्या बाजूला कमरेइतक्या खांबावर कॅमेरा लावून देतो म्हणणारा कारागीर दिसला की त्याला चहा पाजून घरी पाठवा. कॅनोपीच्या खाली उंचावरून बघायचं, आणि नकाशात बदल होत असेल तर कंपनीच्या सेल्स ऑफिसरला विचारूनच. बाहेर नवीन उंच खांब टाकायचा असेल तर परवानगी आणि स्ट्रक्चर नीट बघा, १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या पंपावर होर्डिंग पडून १७ माणसं गेली, त्यानंतर पंपावरच्या उंच गोष्टीकडे कोणी हलक्यात बघत नाही आणि बघूही नये.

आता तुमची पांढरी गाडी. ४ मेगापिक्सेलचं चित्र साधारण २५६० पिक्सेल रुंद असतं. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर मीटरला २५० पिक्सेल धरतात, म्हणजे चौकट जेमतेम दहा मीटरची. तुमचा कॅमेरा कोपऱ्यातून अख्खा पंप आणि समोरचा बसस्टॉप दाखवत असेल तर त्यात गाडीचा रंगच कळणार. म्हणून कॅमेऱ्यांची कामं वाटून द्यायची, एक सगळ्याचा आढावा घेणारा, प्रत्येक आयलंडला (मशीन उभं असतं त्या ओट्याला) एक जो नोझल, डीयूचा डिस्प्ले आणि हातातले पैसे दाखवेल, एन्ट्री आणि एक्झिटला एकेक फक्त नंबरप्लेटसाठी. रात्री हेडलाइट थेट भिंगात घुसतो, साध्या सेटिंगवर प्लेटच्या जागी पांढरा गोळा येतो, प्लेटच्या कॅमेऱ्याला शटर १/५०० किंवा त्याहून जलद ठेवा आणि सोबत स्वतंत्र आयआर (डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड) लाइट द्या. चित्र काळंकुट्ट दिसेल, काका ओरडतील, ओरडू द्या, प्लेट वाचता येईल.

स्टोरेज स्वतः मोजा, सेल्समनवर सोडू नका. २ एमबीपीएस धरला तर एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो, १२ कॅमेरे ३० दिवस म्हणजे ७.८ टीबी. १० टीबीची सर्व्हेलन्स डिस्क घ्या, कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहून लिहून मरते. नेटवर्क केबल १०० मीटरच्या आत. रेकॉर्डर गल्ल्याखाली ठेवू नका, चोर पैशासोबत तोच उचलतो. यूपीएस पाहिजेच. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सरकारी सुरक्षा चाचणीची अट आलीये, बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि सर्टिफिकेट मागा. फॅक्टरी पासवर्ड त्याच दिवशी बदला, बसवणाऱ्या पोराच्या मोबाइलमधून तुमचा पंप काढून टाका. हो, माझ्यासकट.

कांजूर_बाइकवाली
सगळे मालकाच्याच बाजूने बोलतायत म्हणून गिऱ्हाइकाकडून लिहिते. २०१७ ला लखनौला मशीनमध्ये चिप बसवून कमी तेल देणारे पंप सापडले, मग आपल्या ठाणे क्राइम ब्रांचनेही महाराष्ट्रात धाडी टाकल्या, त्यानंतर मी डिस्प्लेवर शून्य बघितल्याशिवाय भरूच देत नाही. तुमचे कॅमेरे माझ्या प्लेटवर, माझ्या चेहऱ्यावर, मग मापात मारलं तर मला फुटेज दाखवणार का?

एलबीएसवाला_पंप
ताई प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे पाच लिटरचं माप आहे, कधीही मागा, तुमच्यासमोर मापून दाखवतो.

मुलुंड_डीलर
@कांजूर_बाइकवाली चिपची चोरी कॅमेऱ्यात दिसतच नाही हो, ती मशीनच्या पोटात असते. तिथे वैधमापनवाल्यांचं सील आणि पाच लिटरचं मापच कामाचं, पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याच्या पुढे कमी भरलं तर नोझल बंद करायचं. कॅमेऱ्यात दिसते ती हातचलाखी. पाचशे सांगितले, मुलाने दोनशेवर थांबवलं, "मॅडम कार्ड की कॅश" म्हणून बोलण्यात गुंतवलं आणि उरलेले तीनशे टाकतो सांगून शून्य न करता दोनशेवरूनच तीनशेपर्यंत नेलं, म्हणजे पाचशे देऊन तीनशेचंच मिळालं. ऑटोमेशनमध्ये २०० आणि ३०० अशा दोन विक्री की एकच तीनशेची, काय नोंदलं गेलंय ते आणि फुटेज शेजारी ठेवलं की दोन मिनिटांत निकाल. म्हणून डिस्प्ले चौकटीत पाहिजे म्हणतोय. एलईडी आकडे कॅमेऱ्यात लुकलुकतात, शटर ५० हर्ट्झला जुळवून घ्या.

नोझलवरचा_माणूस
बरीच वर्ष नोझल मारलंय दोन पंपांवर, आता रिक्षा चालवतो. शेठ लोकांना एक सांगतो, शिफ्टला कॅश कमी आली की पगारातून कापतात, मग ती चूक कोणाची ते कोण बघतो. एकदा माझ्याकडे नऊशे कमी होते, फुटेज काढलं तर कळलं की गर्दीत दुसऱ्या आयलंडवाल्याने माझ्या नोझलवर गाडी भरून दिली आणि पैसे त्याच्या बॅगेत गेले, त्याच्याही मनात पाप नव्हतं. कॅमेरा नसता तर माझे नऊशे गेलेच होते. म्हणून पोरांना पहिल्याच दिवशी सांगा, कॅश कमी आली तर आधी फुटेज बघू मग बोलू, आणि खरंच बघा. कुजबुज बंद होईल. पण कपडे बदलायच्या खोलीत, जेवायच्या जागी कॅमेरा नको. आणि मालक घरी बसून मोबाइलवर बघून दर दहा मिनिटांनी फोन करतो "टोपी कुठे आहे, उभा का राहिलास", त्याने पोरं टिकत नाहीत. यूपीआयचं म्हणाल तर साउंडबॉक्स ठेवा, आवाज आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, स्क्रीनशॉट कोणी बघायचाच नाही.

कुर्ला_कोर्ट_रोज
वकील आहे, थोडक्यात. पोलिसांना मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग करून पाठवू नका, सगळे तेच करतात. मूळ फाइल रेकॉर्डरमधून एक्सपोर्ट करा, प्लेअरसकट. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली तर बदलणारा तिचा खास कोड) द्यायची असते, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चा फॉर्म आता चालणार नाही. घटना घडली त्याच दिवशी फाइल काढून वेगळी ठेवा, तीस दिवसांनी रेकॉर्डर स्वतःच पुसतो आणि पोलिसांचं पत्र एकतिसाव्या दिवशी येतं. दर्शनी भागात "सीसीटीव्ही चालू आहे" असा मराठी बोर्डही लावा. गिऱ्हाइकाचं फुटेज व्हॉट्सॲप ग्रुपवर "चोर" म्हणून टाकू नका, उलट केस तुमच्यावर येईल.

एलबीएसवाला_पंप
सगळ्यांचे आभार, काकांना वाचून दाखवलं, फिल पॉइंटच्या मुद्द्यावर गप्प झाले. आता बारा कॅमेऱ्यांवर येतोय, चेहऱ्याचं सॉफ्टवेअर कटाप. एकच राहिलं, नंबरप्लेट आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर आत्ता घेऊ का?

लॅमिंग्टन_केबलवाला
थांबा थोडं. जुलै २०२५ ला दिल्लीत जुन्या गाड्यांना तेल द्यायचं नाही म्हणून पंपापंपावर असले कॅमेरे लावले, दोन-तीन दिवसांत तो निर्णय थांबवावा लागला, कॅमेऱ्यांच्या तांत्रिक अडचणी हे त्यातलं एक कारण होतं. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवायचीये, ती सगळीकडे लागली की अक्षरं एकसारखी होतील आणि सॉफ्टवेअर नीट वाचेल, सध्या "दादा" "बॉस" सारखी नक्षी काढलेल्या प्लेटा खूप आहेत, त्यात बाइकची मागची प्लेट वाकडी. आत्ता फक्त एक्झिटचा कॅमेरा चांगला घ्या, वाहनाच्या दिशेशी ३० अंशांपेक्षा जास्त तिरका नको, सॉफ्टवेअर नंतर त्यावरच चढतं. आणि एक्झिटला कंपनी परवानगी देत असेल तर छोटा स्पीडब्रेकर टाकून घ्या, गाडी हळू झाली की साधा कॅमेरासुद्धा प्लेट पकडतो.