एफजीडीची सूट: क गटाला मोकळं सोडलं ते बरोबर झालं का?

संच_सात: कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांसाठी 7 डिसेंबर 2015 ला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आली. 2016 अखेरपर्यंतच्या संचांना, 500 मेगावॅटच्या खाली 600 आणि त्यावर 200 मिलिग्रॅम प्रति घनमीटर. नंतरच्या संचांना 100. त्यासाठी एफजीडी, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा, बसवायची. मुदत होती दोन वर्षं. ती वाढत वाढत 2029 पर्यंत गेली आणि 11 जुलै 2025 ला क गट, म्हणजे मोठ्या आणि प्रदूषित शहरांपासून दूरचे साधारण 78 टक्के संच, चिमणीच्या उंचीची अट घालून वगळलाच. माझ्या मते योग्य केलं.

500 मेगावॅटचा संच घ्या. कोळसा तासाला सुमारे 325 टन, गंधक 0.4 टक्के धरलं तर सल्फर डायऑक्साइड 2.6 टन. तो 200 वर आणायला जवळपास 85 टक्के काढावा लागतो. त्यासाठी तासाला 4 टन चुनखडी हवी, आणि 6 टन जिप्सम पडतं. पंप, पंखे, गिरण्या मिळून संचाचीच सव्वा टक्का वीज खातात. मेगावॅटला 1 कोटी खर्च, 65 टक्के भार आणि वर्षाला 15 टक्के स्थिर आकार धरला, तर युनिटमागे 26 पैसे होतात. हे भरणार कोण? शेवटी ग्राहकच ना. आपल्या कोळशात राख 35-40 टक्के आणि गंधक कमी. आधी राख धरा.

रसायनी: गंधक कमी हे टक्केवारीत. आपला कोळसा हलक्या प्रतीचा, उष्णता कमी देणारा, म्हणून तेवढ्याच विजेसाठी जास्त जाळावा लागतो. तुमच्याच आकड्यांवरून चिमणीत 1300 मिलिग्रॅमच्या आसपास निघतात. मर्यादा 200 ची. याला कमी म्हणायचं?

आणि उंच चिमणीनं काय साधतं? 275 मीटरवरून सोडलं की पायथ्याच्या गावात आकडा खाली येतो, एवढंच. वायू हवेत राहतो, अमोनियाशी जुळून अमोनियम सल्फेट होतो, आणि तो पीएम 2.5, म्हणजे श्वासातून फुप्फुसात जाणारा बारीक कण, असतो. हे व्हायला तास-दिवस लागतात, तोवर वारा शेकडो किलोमीटर गेलेला असतो. अ (मोठी शहरं) आणि ब (प्रदूषित शहरं) गट ठरवताना शहरांभोवती 10 किलोमीटरचं वर्तुळ काढलंय. या रसायनाला त्या वर्तुळाशी काही देणंघेणं नाही.

संच_सात: दूर जातो हे मान्य. पण दूर जाताना पातळही होतो. शिवाय चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो, जादा विजेसाठी जादा कोळसा जळतो. हवामानाच्या नावानं गळा काढायचा आणि उत्सर्जन वाढवायचं, हे कसं?

रसायनी: तो हिशेबही करूनच टाकू. चुनखडीतून तासाला दीड टन, जादा वीजवापरातून सहाएक टन. 500 मेगावॅटचा संच मुळात 475 टनांच्या आसपास सोडतो. म्हणजे दीड टक्का. संच चांगला चालवला तर तेवढं उष्णता-दरातूनच, म्हणजे युनिटमागे लागणारी उष्णता कमी करूनच, निघतं.

कोरपना_रोड: दोघंही पूर्व विदर्भ विसरताय. चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॅटचं, प्रदूषित ठरलेल्या शहराला लागून, त्यामुळे ते ब गटात. ब गटाचा निर्णय आता प्रकरणनिहाय तज्ज्ञ समिती घेणार. राजुरा-कोरपना पट्ट्यात चुनखडी आहे आणि सिमेंटचे कारखानेही. सिमेंटमध्ये जिप्सम साधारण 3 ते 5 टक्के लागतंच. ‘जिप्समचं करायचं काय’ हा प्रश्न देशात इतरत्र विचारा, इथे नको.

संच_सात: सिमेंटवाले वाट्टेल ते जिप्सम घेत नाहीत, राव. ईएसपीची, म्हणजे विजेच्या भारानं राख धरणाऱ्या यंत्राची, दोन फील्ड (कप्पे) बंद पडली की राख एफजीडीच्या शोषक मनोऱ्यात उतरते. राखेतलं ॲल्युमिनियम आणि वायूतलं फ्लोराइड मिळून चुनखडीच्या कणांवर थर बसतो. मग चुनखडी कितीही घाला, विरघळत नाही, पीएच खालीच. जिप्सम काळपट आणि ओलं. असा माल परत येतो. म्हणून म्हणतोय, आधी ईएसपी.

खाडीकाठ: याचा अर्थ ईएसपी नीट ठेवा असा होतो, एफजीडी नको असा नाही. ट्रॉम्बेच्या 500 मेगावॅट संचाला 1988 पासून समुद्राच्या पाण्यावरची एफजीडी आहे, डहाणूला 2007 पासून. पाण्यातल्या बायकार्बोनेटवरच काम होतं, चुनखडी लागत नाही, जिप्समही नाही. बाहेर सोडण्याआधी हवा मारून पीएच वर आणावा लागतो. चंद्रपूरला हे जमणार नाही, पण किनाऱ्यावरच्या केंद्रांनी ‘तंत्र उपलब्ध नाही’ हे कारण सांगू नये.

कोरपना_रोड: चीननं 2014 मध्ये 35 मिलिग्रॅमची मर्यादा आणली, तीही कोळशावरच वाढताना. गरीब देशाला परवडत नाही, हा मुद्दा तिथेच संपतो.

संच_सात: तिथे चालवणाऱ्याला दरात भर मिळाली. इथे वितरण कंपन्या आधीचीच बिलं वेळेवर देत नाहीत. मर्यादा कागदावर ठेवून दरवर्षी मुदत वाढवण्यापेक्षा स्पष्ट सूट बरी.

मापक: मर्यादा 200 ठेवा की 600, ती मोजता कशी ते बघा. आकडा वायूत ऑक्सिजन 6 टक्के असता तर किती आला असता, तसा करून लिहायचा असतो. डक्ट (धूर नेणारा मार्ग) गळका असला की बाहेरची हवा शिरते, ऑक्सिजन 9 टक्के होतो. खरे 250 असतील तिथे यंत्र 200 दाखवतं, आणि सुधारणेचा 1.25 हा गुणक कुणी लावला नाही की संच कागदावर पास. क गटाला सूट दिलीच आहे, तर निदान ऑक्सिजनचा रकाना सल्फरच्या शेजारी, तासागणिक, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. त्याला 26 पैसे लागत नाहीत.

रसायनी: याला मात्र अनुमोदन. डक्टच्या जोडांवरचे फाटके बेलोज (लवचिक जोड-पट्टे) बदलायला तर परवानगीही लागत नाही.