कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या अळ्या: औषध मारू का राहू देऊ?

हळदीचं_पान (सांगली)
घरामागं 10 बाय 15 फुटांचं परडं आहे. काळी माती, ऊन सकाळी 11 पर्यंत. अडीच फुटी कढीपत्ता, कागदी लिंबू, जास्वंद, कोपऱ्यात आपोआप उगवलेला तेरडा. पाऊस सुरू झाल्यापासून कढीपत्त्यावर काळपट-पांढऱ्या अळ्या आहेत, लांबून पक्ष्याची शीट वाटते. शेंडे फस्त केलेत. काय फवारावं? दुसरं, एवढ्याशा जागेत फुलपाखरं, पक्षी रोज दिसावेत म्हणून काय करता येईल?

कृष्णाकाठ
जे बघायचंय त्यावरच औषध मारायला निघालाय की! या लाइम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉरमॉनच्या अळ्या. दोघांनाही लिंबू आणि कढीपत्ता चालतो. 2015 साली राज्य फुलपाखरू झालेलं ब्लू मॉरमॉनही याच गोतावळ्यातलं, तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं.

कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा बारीक, पिवळसर, गोल अंडं सापडेल. अळी चार वेळा कात टाकते. तोवर शिटेचं सोंग, म्हणजे पक्षी चोच लावत नाहीत. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते. तेव्हा काडीनं हलकं डिवचा: डोक्यामागून दुभागलेलं तांबूस शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदाच करा, पोरांना सारखं करू देऊ नका.

झाड लहान आहे, म्हणून त्यावर दोन-तीनच ठेवा. बाकीच्या पानासकट कापून लिंबावर टाचा. बोटानं ओढलीत तर पाय तुटतात, ती पानाला घट्ट धरून असते.

कोष कमरेला रेशमाचा एक धागा बांधून टेकलेला असतो. तो गडद झाला, आतून पंखांची नक्षी दिसू लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. बाहेर आल्यावर पंख लोंबते ठेवून वाळायला तास-दोन तास लागतात. बरणीत ठेवलेल्यांचे पंख चुरगळतात ते जागा न मिळाल्यानं. कोषाला बारीक गोल भोक दिसलं तर फुलपाखरू नव्हे, परजीवी गांधीलमाशी बाहेर पडलीय. तेही चालायचंच.

माहुली_सातारा
वर लिहिलंय ते बरोबर. एक भर: नर्सरीतून नवं लिंबू आणलं तर आधी विचारा, इमिडाक्लोप्रिड (कीटकनाशक) दिलंय का. ते झाडाच्या रसात उतरतं, वरून पान कितीही धुतलं तरी अळ्या मरतातच.

पक्ष्यांसाठी मातीची पसरट परळ, पाणी दीड-दोन इंच, मधे एक खडबडीत दगड. झुडपापासून पाच-सहा फूट लांब ठेवा, नाहीतर मांजर दबा धरून बसतं. पाणी रोज बदला आणि परळ काथ्यानं घासा, आठवडाभर तसंच राहिलं तर डास होतात. शेजारी एका थाळीत परड्यातलीच माती ओली करून चिमूटभर मीठ टाका, नर फुलपाखरं ते चोखायला बसतात.

जास्वंद एकेरी पाच पाकळ्यांची आहे ना? गेंदेदार जातीत मधापर्यंत चोच पोचणं शिंजीरला (सनबर्ड, मध पिणारा इवलासा पक्षी) अवघड जातं. आणि परड्यातली कोळ्याची जाळी सरसकट झाडू नका, शिंजीर त्याच धाग्यांनी लोंबतं घरटं बांधतो. घाणेरी मात्र कुणी कितीही सांगितली तरी लावू नका, परडं गिळून टाकते.

हळदीचं_पान
एकेरीच आहे. पालापाचोळा राहू द्यावा का? घरात म्हणतात साप येतील.

कृष्णाकाठ
भिंतीला लागून ढीग नको, उंदीर होतात आणि साप त्यांच्यामागं येतो. झाडाच्या बुंध्यापासून चार बोटं सोडून दोन-तीन इंचांचा पातळ थर द्या. काळ्या मातीत पावसात पाणी साठतं, बुंध्याला पाला टेकला की साल कुजते.

आणि तो तेरडा उपटू नका. त्याचे भाऊबंद बघायला लोक साताऱ्याजवळच्या कास पठारावर तिकीट काढून जातात. शेंग फुगून फिकट झाली की चिमटीत धरून बघा, ताडकन गुंडाळी होऊन बिया उडतात. त्यातल्या थोड्या कागदाच्या पुडीत ठेवा, पुढच्या जूनमध्ये लिंबाच्या सावलीत टाकायला.