मदत हवी आहे: चार्ज संपलेली ईव्ही दारव्हा-दिग्रस-पुसद पट्ट्यात उचलायला नेमकं येतं कोण? आरएसए रिन्यू करू का?

दिग्रसचा_भाचा

राम राम मंडळी. गाडीचा रोडसाइड असिस्टन्स (आरएसए, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडली तर मिळणारी मदत) संपत आलाय, रिन्यू करायचे मेसेज रोज येऊन पडतात, पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं त्यानंतर पैसे भरायची इच्छाच होत नाहीये, म्हणून विचारतोय.

नागपूरहून पुसदला निघालो होतो. बॅटरी ३० युनिटची, कंपनी ३०० च्या वर सांगते, पण मे महिन्यात एसी लावून १९०-२०० किमीच्या वर जात नाही. यवतमाळच्या चार्जरवर रांग होती म्हणून पुढच्या पंपावर करू म्हटलं. ॲपमध्ये तो हिरवा दिसत होता, जाऊन पाहतो तर स्क्रीन काळी, पंपावरचा पोरगा म्हणे "डीपी जळली तवापासून बंदच हाये". दिग्रसच्या अलीकडे गाडी टर्टल मोडमध्ये गेली (बॅटरी संपत आली की वेग आपोआप कमी होतो तो) आणि मग थांबलीच.

हेल्पलाइनवाली मॅडम हिंदीत लँडमार्क विचारत होती. आजूबाजूला पऱ्हाटीचं रिकामं वावर, एक निंबाचं झाड नि मैलाचा दगड, काय सांगू? बऱ्याच वेळानं आली ती हूकवाली क्रेन, जी इकडे ट्रॅक्टर-बोलेरो ओढते ती. ड्रायव्हर म्हणे न्यूट्रल टाका, दोर बांधून ओढतो. मी नाही म्हटलं कारण मॅन्युअलमध्ये फ्लॅटबेडवरच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) न्या असं स्पष्ट लिहिलंय. कॉल सेंटर म्हणे फ्लॅटबेड तुमच्या भागात उपलब्ध नाही. बरं नेणार कुठं, तर "नजीकच्या चार्जिंग स्टेशनवर", म्हणजे त्याच बंद पंपावर! क्रेनवाला सही घेऊन निघून गेला आणि कंपनीच्या कागदावर माझी केस 'सर्व्हिस दिली' म्हणून बंद.

शेवटी ३-४ पोरांनी ढकलून जवळच्या गावातल्या पिठाच्या गिरणीपर्यंत नेली. तिथं १५ अँपिअरच्या पिनला चार्जर लावला तर लाल लाईट, अर्थिंग नाही म्हणे. गिरणीवाले काका शांतपणे मागं गेले, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं नि थोड्या वेळानं लाईट हिरवा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंग सुटते म्हणे, ते दर उन्हाळ्यात असंच करतात.

तर विचारायचं असं की आरएसए गाडीच्या कंपनीचा घ्यावा का इन्शुरन्ससोबतचा ॲड-ऑन, का दोन्ही सोडून यवतमाळ-पुसदच्या एखाद्या फ्लॅटबेडवाल्याचा नंबर ठेवावा? आणि हूकवाली क्रेन खरंच चालत नाही का, का मीच उगाच अडून बसलो?

वऱ्हाडी_वायरमन

भाऊ, अडून बसले ते बेस केलं. आपल्या बहुतेक इलेक्ट्रिक कारमधी परमनंट मॅग्नेटची मोटर रायते. चाक फिरलं का मोटर फिरते, मोटर फिरली का करंट तयार होते, गाडी बंद असली तरी. तो करंट जाईन कुठं, मोटर चालवनाऱ्या गाडीतल्या इन्व्हर्टरवरच ना. ढकलत नेली तं काही होत नाई, पन दोरानं ४० च्या स्पीडनं ओढली तं खर्चात उतरसान. तुमच्या गाडीची मोटर पुढच्या चाकाले असन तं पुढचे दोनी चाकं उचलून, मागची हँडब्रेक सोडून, हळूहळू जवळपास नेता येते. पन ते मजबुरीचं काम हाये, फ्लॅटबेड ते फ्लॅटबेड.

आन एक गोष्ट सांगून ठेवतो, कोनी बी वावरातल्या मोटरपंपाच्या स्टार्टरमधून वायर काढून देतो म्हनलं तं हात जोडा. तिथं थ्री फेज रायते, दोन फेजमधी ४०० च्या वर व्होल्ट, न्यूट्रलचा भरवसा नाई. चार्जर जाईन, जीव बी जाईन. आन अर्थिंग नाई म्हून न्यूट्रलवरून तार मारून लाल लाईट हिरवा करनारे हुशार लय हायेत, त्यायच्या नादी लागू नका. न्यूट्रल तुटला का गाडीच्या पत्र्यात करंट उतरते.

कारंजा_लाड

मी दोन्ही घेऊन पाहिले. फरक कंपनीत नाही, कागदात आहे. रिन्यू करण्याआधी ईमेलवर लेखी विचारा की चार्ज संपणं हे 'ब्रेकडाउन' धरता का, कारण काही ठिकाणी ते ग्राहकाची चूक म्हणून बाहेर टाकतात. वर्षातून किती वेळा, किती किमीपर्यंत टोइंग फुकट, त्यापुढे किमीला किती, आणि चालू चार्जरवर नेणार का फक्त जवळच्या. हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा गडबडतो 😄 फोनवरचं गोड बोलणं धरू नका, ईमेल पाहिजे.

१०३३ चा नंबर आहे पण तो राष्ट्रीय महामार्गाचा. नागपूर-तुळजापूरवर, आर्णी-महागाव साईडला असता तर कामी आला असता, आणि तिथंही गाडी रस्त्यातून बाजूला काढून देतात, पुसदला घरी सोडत नाहीत. दारव्हा-दिग्रसला त्याच्या भरवशावर राहू नका.

मंडप_डेकोरेशन

लग्नातला जनरेटर चालतो का? आमच्याकडे एक सर आले होते विचारायला, लावला तर चार्जर घेईचना.

वऱ्हाडी_वायरमन

नाई घेत, जनरेटरचा न्यूट्रल मोकळा रायते म्हून चार्जरले अर्थिंग दिसत नाई. जानकार मानसाकडून न्यूट्रल-बॉडी बाँडिंग (न्यूट्रल जनरेटरच्या बॉडीले जोडनं) आन जमिनीत रॉड करून घेतला तं चालते. कमीत कमी ५ केव्हीएचा पायजे. गाडीतून गाडीले चार्ज द्यायची सोय असलेली टाटाची नवी नेक्सॉन ईव्ही कोनाकडं असन तं ते बरं, एका गाडीतून दुसऱ्या गाडीले चार्ज देता येते, जरा हळू हाये एवढंच.

दिग्रसचा_भाचा

सगळ्यांना धन्यवाद. ईमेल टाकला. ॲड-ऑनवाल्यांनी 'नजीकचे उपलब्ध स्टेशन' असं गोलमोल उत्तर दिलंय, पुन्हा विचारलंय. आरएसए तूर्त घेत नाही. पुसदला कार डीलरच्या गाड्या आणणारा एक फ्लॅटबेडवाला सापडला, डिझेल नि जाण्या-येण्याचा हिशोब धरून सांगतो म्हणाला, रात्री मात्र येत नाही.

वायरमन भाऊ, डिकीत ठेवायला एक्सटेन्शन बोर्ड कोणता घेऊ? गिरणीच्या पिनपर्यंत आपली वायर पोचत नव्हती म्हणून गाडी पार दारात घुसवावी लागली होती, दळण आणणाऱ्या बाया वैतागल्या होत्या.

वऱ्हाडी_वायरमन

बोर्ड नका घेऊ, बनवून घ्या. तांब्याची तीन कोअर केबल, १० मीटरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएम, त्याच्या वर ४ ची. दोनी टोकाले १६ अँपिअरचे चांगले प्लग-सॉकेट. वापरताना गुंडाळी पूर्न सोडून ठेवा, नाई तं मधात तापून वितळते. तासाले ३ युनिट धरा, म्हंजे १८-२० किमी. गिरनीवाल्याले पैसे इचारत बसू नका, देऊन टाका, त्याचं मीटर इंडस्ट्रियल रेटनं पळते.