मदत हवी आहे: कोरलच्या टाकीत कुठले मासे टाकू? शनिवारच्या आत सांगा

घोडबंदरी | मंगळवार, रात्री 11:10
मंडळी, प्रश्न सरळ आहे. घरी कोरलची (प्रवाळांची) टाकी लावली आहे. कोरलला तोंड न लावणारे चार-पाच रंगीत मासे हवेत. शनिवारी लेकीचा वाढदिवस आहे, तिच्या मैत्रिणी येणार, तोवर टाकी भरलेली दिसायला हवी. नेटवर एक म्हणतो टँग मासा चालतो, दुसरा म्हणतो अजिबात नाही. दुकानदाराला तर सगळंच चालतं. नुसती नावं द्या, लेक्चर नको.

पाणकोंबडा | रात्री 11:24
किती लिटर? लावून किती दिवस झाले? कोरल कुठले? मे महिन्यात पाण्याचं तापमान किती राहतं? यातलं काहीच माहीत नसताना नावं कशी देणार?

नेरूळचे_नाना | बुधवार, सकाळी 6:05
आमच्याकडे 12 वर्षं गोल्डफिश आहेत, कधी काही झालं नाही. आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, चिमूटभर खडेमीठ टाकायचं. टाकी ईशान्येला ठेवा.

घोडबंदरी | सकाळी 8:40
नाना, टाकी खाऱ्या पाण्याची आहे.
@पाणकोंबडा, तीन फुटी आहे. लावून बरेच दिवस झाले. कोरल मऊवाले.

पाणकोंबडा | सकाळी 8:52
तीन फूट ही नुसती लांबी झाली. आणि "बरेच" म्हणजे किती?

घोडबंदरी | सकाळी 9:15
36 बाय 18 बाय 18 इंच. मार्चच्या शेवटी लावली. कोरलमध्ये झोअँथिडचे (झोआ) दोन तुकडे, थोडे मश्रूम, एक लेदर. तापमान 27, पाणी थंड ठेवायला चिलर आहे. आता तरी नावं द्याल का?

रीफवेडी_ठाणे | सकाळी 10:30
म्हणजे काठोकाठ 190 लिटर. दगड-वाळू वजा केली तर पाणी 150-160 लिटर धरा. टाकी नवी आहे, म्हणून एका वेळी दोनच मासे सोडा आणि मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पाण्यात विषारी अमोनिया चढेल.
पहिली ऑसेलारिस क्लाउन माशांची जोडी. टाकीत पैदास झालेली मागा, ती दाणे लगेच खाते. नंतर यलो वॉचमन गोबी, जमलं तर सोबत पिस्टल कोळंबी. कोळंबी बीळ खणते आणि गोबी दारात पहारा देतो, मुलं तासभर हलत नाहीत. मग बांगाई कार्डिनलची जोडी किंवा रॉयल ग्रामा. फायरफिश देखणा असतो पण उडी मारतो. आमचा एक सकाळी सोफ्याखाली वाळलेला सापडला, तेव्हापासून टाकीला जाळीचं झाकण आहे.
निळा हेपॅटस टँग कोरलला त्रास देत नाही, पण वाढून फूटभर होतो. तीन फुटांत कोंडू नका. मँडरिन सगळ्यात देखणा, पण तो दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव खाऊन जगतो आणि दोन महिन्यांच्या टाकीत ते पुरत नाहीत. हळूहळू उपाशी मरतो.

ऐरोलीचा_अव्या | सकाळी 11:02
एवढं कशाला? निळे डॅमसेल पाच टाका. स्वस्त, रंगीत, कोरलला हात लावत नाहीत, लाइट गेली तरी तग धरतात. मी सहा वर्षं ठेवतोय.

रीफवेडी_ठाणे | सकाळी 11:09
आणि नंतर आलेल्या प्रत्येक माशाच्या शेपटीचे लचके तोडतात, ते राहिलं. अव्या, तुझ्या टाकीत डॅमसेल सोडून आज दुसरं काय आहे?

ऐरोलीचा_अव्या | सकाळी 11:15
सहाफुटी टाकी आहे, एक ईल आहे. कोरल नाहीत. पण मुद्दा तो नाही.

कायद्याचं_बोला | दुपारी 12:40
कोरल कुठून घेतले? 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. समुद्रातून तोडलेला तुकडा घरी सापडला तर प्रकरण गंभीर आहे.

घोडबंदरी | दुपारी 1:05
माझे झोआ, मश्रूम, लेदर आहेत, दगडी नाहीत. माशांवर बोला हो.

वाशीगाव_कोळीण | दुपारी 2:20
मासे म्हटल्यावर आम्हाला आधी तव्यावरचेच आठवतात, हलकेच घ्या. पण पाणी कुठलं वापरता? कोणी वाशीच्या खाडीचं आणायला सांगेल तर ऐकू नका. पावसात ते गोडं होतं आणि नाल्यांचं सगळं त्यातच येतं.

अलिबागप्रेमी | दुपारी 2:31
खाडीचं नको, पण समुद्राचं का नको? मी भरतीच्या वेळी 20 लिटरच्या जारमध्ये भरून आणतो. मिठाच्या बादलीचे पैसे वाचतात.

पाणकोंबडा | दुपारी 2:40
किनाऱ्याजवळचं गढूळ पाणी गाळून घेतलं तरी शेवाळ वाढवणारं फॉस्फेट तसंच राहतं. परवडत असेल तर आरओ-डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात मीठ कालवा.
@घोडबंदरी, उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, ते कशाने भरता?

घोडबंदरी | दुपारी 3:30
मिठाच्याच पाण्याने. टाकी खारी आहे ना?

पाणकोंबडा | दुपारी 3:34
अरे देवा. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. वरून खारं पाणी घालत गेलात की खारेपणा रोज वाढतो. आजच रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं उपकरण) मोजा. विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास हवं.

घोडबंदरी | दुपारी 4:10
1.030 दाखवतोय. म्हणूनच का? झोआ आठवडाभर उघडत नाहीत, मला वाटलं नवीन आहेत.

रीफवेडी_ठाणे | दुपारी 4:16
झोआ उघडत नाहीत हे तुम्ही आत्ता सांगताय? लेदर आणि मश्रूम उघडे आहेत का?

घोडबंदरी | दुपारी 4:20
ते ठीक आहेत.

पाणकोंबडा | दुपारी 4:24
खारेपणा सगळ्यांनाच बाधला असता, नुसत्या झोआंना नाही. टाकीत आत्ता काय-काय जिवंत आहे ते सांगा. गोगलगायीसकट.

घोडबंदरी | दुपारी 5:02
चार गोगलगायी, दोन हर्मिट खेकडे. आणि तो एक पिवळा मासा, तो मोजत नव्हतो, आधीपासूनच आहे. दगडांवर काचेसारखी छोटी फुलं उगवली होती, दुकानदार म्हणाला हा ती साफ करेल. केलीही त्याने.

रीफवेडी_ठाणे | दुपारी 5:05
डोळ्यांवर काळी पट्टी, तिच्यामागे पांढरी?

घोडबंदरी | दुपारी 5:11
हो. तुम्हाला कसं कळलं?

रीफवेडी_ठाणे | दुपारी 5:20
रॅकून बटरफ्लाय मासा. ती फुलं म्हणजे आयप्टेशिया, टाकीत नको असलेला समुद्री जीव. ती संपली, आता तो तुमचे झोआ टोचून खातोय, म्हणून ते मिटून बसलेत. शिवाय तो वीतभर वाढतो. दुकानदार खोटं नाही बोलला, अर्धंच बोलला. पुढे आयप्टेशिया आली तर पेपरमिंट कोळंबी ठेवा, आणि हाताने खरवडू नका, तुकड्यातुकड्यातून नवीन येते.

घोडबंदरी | रात्री 9:48
दीड तास जाळी घेऊन त्याच्या मागे. दगडात घुसतो. बायको म्हणते दगड काढ, मुलगी म्हणते मासा राहू दे.

पाणकोंबडा | रात्री 10:01
दगड हलवू नका. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) टाका, लाइट मंद करा. एक दिवस उपाशी ठेवलात की सकाळी आत शिरेल. खारेपणा मात्र एकदम उतरवू नका, दोन-तीन दिवसांत हळूहळू गोडं पाणी घालत आणा.

ऐरोलीचा_अव्या | रात्री 10:20
रॅकून मला द्या. ईलवाल्या टाकीत जागा आहे, कोरल नाहीत. डॅमसेल त्याच्याशी जुळवून घेतील.

रीफवेडी_ठाणे | रात्री 10:23
म्हणजे तो डॅमसेलशी जुळवून घेईल.

घोडबंदरी | शुक्रवार, सकाळी 7:15
बाटलीत शिरला. अव्या, खाजगी निरोप पाठवला आहे, संध्याकाळी डबल पिशवी आणि बॅटरीचा एअर पंप घेऊन या, ऐरोलीपर्यंत ट्रॅफिक असतं. खारेपणा 1.027 वर आलाय. उद्या दोनच क्लाउन आणतो.

नेरूळचे_नाना | शुक्रवार, सकाळी 7:40
टाकी ईशान्येला ठेवली का?