एका घोड्यावर बसून दुसरा हातात धरून फिरवायचा: बाजू कुठली, दोरी कशी?

जुळे_सोलापूर_पागा
दोन जनावरं आहेत. नऊ वर्षांचा खच्ची केलेला मारवाडी, शांत, रस्त्याची सवय असलेला. दुसरी चार वर्षांची काठियावाडी घोडी, पाठीवर बसू देते पण अजून कच्ची आहे. सकाळी सव्वा तासच मिळतो, त्यात दोघांना वेगवेगळं फिरवणं बसत नाही. घोड्यावर बसून घोडी हातात धरायची असं ठरवलंय. प्रश्न असे: घोडी कुठल्या बाजूला घ्यायची? मोरकीवर (तोंडात काही न घालता डोक्याला बांधायची दोरी) की लगामावर? दोरी किती लांब? आणि विजापूर रोडच्या बाजूने नेलं तर चालेल का?

खरारा_आणि_चंदी
बसायला घोडा आणि हातात घोडी, ही निवड बरोबर आहे. ज्यावर बसायचं तो एका हाताच्या लगामावर वळणारा, पायाच्या इशाऱ्यावर थांबणारा आणि शेजारी दुसरं जनावर आलं तरी कान मागे न टाकणारा पाहिजे. हे आधी एकट्या घोड्यावर तपासा. एका हाताने त्याला आठाच्या आकारात फिरवता येत नसेल तर घोडी हातात घेऊ नका.

बाजू: आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून रस्त्यावर घोडी तुमच्या डाव्या हाताला, कडेकडे. तुमचा घोडा वाहनं आणि घोडी यांच्या मध्ये राहतो. लगाम उजव्या हातात, दोरी डाव्यात. बहुतेकांना एकहाती लगाम डाव्या हातात धरायची सवय असते, त्यामुळे सुरुवातीला अवघड जातं. ही सवय मैदानात करा, रस्त्यावर नको.

दोरी: सुती, अंगठ्याएवढी जाड, तीन मीटरच्या आसपास. नायलॉन नको, हिसका बसला की तळहात सोलून निघतो. उरलेली दोरी आठाच्या घड्या करून मुठीत धरायची. हाताला गुंडाळायची नाही, खोगिराला तर बांधायचीच नाही. गुंडाळलेली दोरी घोडी मागे हटली की बोटांभोवती आवळते, आणि खोगिराला बांधली तर खोगीर फिरतं किंवा दोन्ही घोडे एकदम पडतात. दोरीचं टोक तुमच्या रिकिबीखाली लोंबकळता कामा नये, पायात अडकतं. हातमोजे घाला.

घोडीचं डोकं कुठे, यावरच बाकी सगळं अवलंबून आहे. ते तुमच्या गुडघ्याच्या रेषेत राहिलं पाहिजे. मागे पडली तर तुमचा हात मागे ओढला जातो आणि तुम्ही खोगिरात वाकडे होता. पुढे गेली तर तुमच्या घोड्याच्या तोंडासमोर आडवी येते, आणि तिच्या मागच्या पायांची लाथ थेट तुमच्या गुडघ्यावर. लाथेचा प्रश्न बहुधा इथूनच सुरू होतो.

नाल_ठोका
लगाम की मोरकी? मैदानात मोरकी चालेल. रस्त्यावर लगाम घालूनच न्या, मोरकीवर ओढणारी घोडी थांबत नाही. तोंडात जाणारी दांडी साधी, गुळगुळीत वापरा. लगामाचे पट्टे मानेवरून पुढे काढून हातात घ्या, किंवा दांडीच्या दोन टोकांच्या कड्यांना जोडणारी छोटी पट्टी लावून तिला दोरी अडकवा. एकाच कडीला दोरी लावली की ओढल्यावर दांडी तोंडातून बाजूला सरकते.

काटेरी लगाम मात्र अजिबात नको. आपल्याकडे मारवाडी, काठियावाडीला तो सर्रास घालतात. हातातल्या घोडीला कधी ना कधी हिसका बसणारच, काट्याने जीभ फाटते आणि मग ती डोकं हवेत टाकून मागेच ओढत राहते. शिवाय १९६५ च्या केंद्राच्या नियमांनी काटेरी लगामाला बंदी आहे, बाजारात खुलेआम मिळतो म्हणून तो कायदेशीर होत नाही.

घोडीवर खोगीर असेल तर रिकिबी वर करून बांधा, लोंबत्या ठेवल्या तर पोटावर आपटून ती उधळते. त्यापेक्षा खोगीर नकोच. दोघांच्याही चारही पायांना पट्ट्या किंवा बूट घाला, एकमेकांच्या टापा लागतात. निघण्याआधी नाल हलवून बघा. मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीत ढिला नाल उपटून येतो.

कॅनॉल_कडेने
विजापूर रोड नकोच हो. ऊस हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, पहाटेसुद्धा दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून चाललेले असतात. उसाची टोकं बाहेर आलेली, मागची ट्रॉली झुलत असते. अशा वेळी एका हाताने दोन जनावरं सांभाळणं शक्य नाही. मुरमाचा गाडीरस्ता किंवा मोकळं माळरान बघा.

उजनीच्या कालव्याच्या कडेचा रस्ता मिळत असेल तर वरचा डाव्या-उजव्याचा नियम तिथे लागू नाही. घोडी नेहमी पाण्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा, मग ती उजवीकडे आली तरी चालेल. बिचकली तर ती शेताकडे उतरेल, कालव्यात नाही.

खरारा_आणि_चंदी यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. मोकळ्या जागी रोज डावीकडेच ठेवली तर घोडीची मान एका बाजूला वळलेली राहते. माळावर दिवसाआड बाजू बदला, रस्त्यासाठी डावी पक्की करा.

खरारा_आणि_चंदी
मान्य. फक्त पहिले आठ-दहा दिवस एकच बाजू ठेवा, दोन्ही एकदम शिकवायला गेलं तर घोडी गोंधळते.

जुळे_सोलापूर_पागा
धन्यवाद. रिंगणात माउलींचा अश्व दोरीशिवाय स्वाराच्या घोड्याबरोबर पळतो, तसं घोडीला पुढे सोडता येईल का? आणि सुरुवात नेमकी कशी करू?

कॅनॉल_कडेने
नाही. रिंगणात भोवती वारकऱ्यांची भिंत असते आणि ते घोडे त्याच कामाचे असतात. माळावर सोडलेली घोडी पागेकडे पळते, आणि पागेच्या वाटेत रस्ता असतो.

नाल_ठोका
सुरुवात अशी करा. आधी काही दिवस दोघांना शेजारी बांधा, मध्ये आडवा बांबू. चावाचावी थांबली की दोघांना पायी शेजारी शेजारी चालवा, एक तुम्ही, एक मदतनीस. मग कुंपण असलेल्या जागेत तुम्ही घोड्यावर बसा आणि बसल्यावर मदतनिसाकडून दोरी हातात घ्या. दोरी धरून चढायला जाऊ नका, डावीकडची घोडी चढायच्या जागेतच उभी असते. पहिल्या वेळी दहा मिनिटं फक्त चाल, थांबा, चाल. थांबताना आधी तोंडाने हुकूम, मग लगाम, म्हणजे दोघं एकदम थांबतात. दुडकी, म्हणजे हळू पळणं, नंतर. चौखूर तर कधीच नाही.

वळताना: उजवीकडे वळलात की घोडी बाहेरच्या बाजूला येते, तिला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून आपला घोडा हळू करा. डावीकडे वळताना आधी दोरी आखूड करून तिचं डोकं मागे ठेवा, नाहीतर ती पुढे निघून आडवी येते. वळणं मोठी घ्या.

दोरी तुमच्या घोड्याच्या शेपटीखाली गेली तर ओढू नका. शेपूट दाबून तो लाथा झाडतो. दोरी ढिली सोडा, घोडा घोडीच्या दिशेने वळवा, निघून येते. घोडी मागे ओढायला लागली तर तिच्याशी ताकद लावू नका, घोडा तिच्याकडे वळवा. तरीही हात खांद्यापासून मागे जायला लागला तर दोरी सोडा. म्हणूनच जागा बंदिस्त हवी.

घोडी माजावर असेल ते दिवस सोडा. खच्ची असला तरी काही घोडे तेव्हा अंगचटीला येतात.

खरारा_आणि_चंदी
सव्वा तासाचा हिशोब: तयारीला पंधरा मिनिटं, दहा मिनिटं चाल, मग चार-चार मिनिटांची दुडकी तीन वेळा, मध्ये दोन-तीन मिनिटं चाल, शेवटी पंधरा मिनिटं चाल. उरलेल्या वेळात पाय तपासा, पाणी पाजा, अंगावर ओता. एप्रिल-मे मध्ये पावणेसातच्या आत परत या. पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतर नाडी मिनिटाला साठच्या खाली आली नाही तर दुसऱ्या दिवशी एक दुडकी कमी करा.

चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, काम संपून अंग थंड झाल्यावर, तासाभराने. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करा. दोन दिवस उभं ठेवून पुरी चंदी खाल्लेलं जनावर एकदम दुडकीला लावलं की मागचे पुठ्ठे आखडतात, लघवी गडद तपकिरी होते. असं दिसलं तर चालवत पागेत आणू नका, जागच्या जागी उभं ठेवून डॉक्टरांना बोलवा.

आणि यातून घोडीचा दम वाढेल, पण ती पाठीवर तयार होणार नाही. आठवड्यात दोन दिवस तिच्यावर बसा, त्या दिवशी घोड्याला नुसतं हाताने चालवा.