मदत हवी आहे: लिंक्डइनच्या ग्रुपांतून एकही इन्क्वायरी येत नाही

उद्यमबाग_शेड:
नमस्कार मंडळी. लिंक्डइनवर फाउंड्रीचे, मशिनिंगचे, ऑटो पार्टचे सगळे ग्रुप धरलेत. व्हॉट्सॲपवर बेळगाव-कोल्हापूरचे निम्मे. नेमानं पोस्ट टाकतो, फोटोसकट. लोक अंगठा देतात आणि पुढं जातात. काम शून्य. शेजारच्या शेडवाल्याला मात्र त्याच ग्रुपातून पुण्याची पार्टी मिळाली. कसं म्हणून विचारलं तर नुसता हसतो. नेमकं काय करायचं असतं तेवढं सांगा. 'संयम ठेवा' सोडून काहीही चालेल.

निपाणीकर:
काम कसलं करता? जॉबवर्क की स्वतःचं प्रॉडक्ट?

उद्यमबाग_शेड:
व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशिनिंग सेंटर. जॉबवर्क, माल पार्टीचा.

निपाणीकर:
हो, पण मशिनचं टेबल केवढं? मटेरियल कुठलं, लॉट किती नगांचा, टॉलरन्स, म्हणजे मापातली सूट, कुठवर धरता? आणि पोस्टमध्ये काय लिहिता ते इथं चिकटवा की.

खानापूरचा_दादा:
ग्रुप-बिप सोडा हो. जीईएमवर, सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, नोंदणी करा. २०१६ पासून सरकारी खरेदी तिथंच सुरू झालीय. लघुउद्योगाचं उद्यम सर्टिफिकेट असेल तर झालंच काम. आमच्या साडूनं तिथं टेबलं विकली.

निपाणीकर:
दादा, टेबलंच विकली ना? कुठलं सरकारी खातं ह्यांच्याकडं कास्टिंगला बोअर, म्हणजे मापातलं गोल भोक, मारायला पाठवणार?

खानापूरचा_दादा:
प्रयत्न केल्याशिवाय कळतंय होय? तुमचं आपलं बसल्या जागी नाही-नाही.

उद्यमबाग_शेड:
भांडू नका. ही घ्या पोस्ट: "व्हीएमसी कपॅसिटी अव्हेलेबल. बेस्ट क्वालिटी, बेस्ट रेट, ऑन टाइम डिलिव्हरी. इंटरेस्टेड पार्टी प्लीज कॉन्टॅक्ट." खाली मशिनचा फोटो.

गोकाकची_एचआर:
मी भरती बघते म्हणून सांगते. प्रोफाइल फोटोत चेहरा स्पष्ट हवा, गॉगल नको. जुन्या नोकरीचा अनुभव नीट तारखांसकट भरा. रेझ्युमे दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका.

उद्यमबाग_शेड:
मॅडम, मला नोकरी नकोय, काम हवंय.

शिरोली_पर्चेस:
मी खरेदीच्या बाजूला आहे, त्यामुळं पलीकडून कसं दिसतं ते सांगतो. असली पोस्ट मी उघडतसुद्धा नाही. ग्रुपात वर-खाली बघितलं तर सगळ्यांचीच कपॅसिटी अव्हेलेबल आहे, सगळ्यांचाच रेट बेस्ट. मी वाचतो ती दुसऱ्याच्या प्रश्नाखालची उत्तरं.

मध्यंतरी एकानं विचारलं होतं: एसजी आयर्नचं (चिवट बिडाचं) पातळ भिंतीचं हाउसिंग, ५० मिमीचा एच७ बोअर, मशिनवर बरोबर येतो, क्लॅम्प सोडला की ओव्हल. ह्या मापाला एच७ म्हणजे सूट सगळी मिळून २५ मायक्रॉनची. खाली 'प्लीज कॉन्टॅक्ट अस', 'इनबॉक्स केलंय', 'सर, वी कॅन डू' यांची रांग. एकानं मात्र लिहिलं, की रफिंग झाल्यावर क्लॅम्प पूर्ण सोडा, जॉबला मोकळं होऊ द्या, मग हलक्या टॉर्कवर परत धरून फिनिश बोअर घ्या. आणि क्लॅम्प पातळ भिंतीवर न घेता रिबवर घ्या. नंबर दिला नव्हता, रेटही नाही. मी त्याला शोधून फोन केला.

उद्यमबाग_शेड:
हे तर आमच्या पोरालाही माहीत आहे.

शिरोली_पर्चेस:
मग लिहिलं का नाही?

उद्यमबाग_शेड:
फुकट प्रोसेस शिकवायची? पार्टी तीच पद्धत दुसऱ्याला सांगून रेट पाडून घेणार. हा धंदा मी बघितलाय.

निपाणीकर:
ह्यात दम आहे. मी एकदा जॉब धरायचा अख्खा फिक्स्चर समजावून सांगितला, काम गेलं तिसऱ्याकडं.

शिरोली_पर्चेस:
फिक्स्चरचं ड्रॉइंग द्या असं कुठं म्हटलं? अडचण कशानं येते ते सांगा, कुठल्या दिशेनं जायचं ते सांगा. फीड, स्पीड, इन्सर्ट तुमच्याकडंच ठेवा. आणि पद्धत कळली म्हणून बोअर येत नसतो.

दुसरं. लिंक्डइनच्या एका ग्रुपात दोघं असले की कनेक्शन नसतानाही मेसेज करता येतो. ते वापरा, पण कंपनी प्रोफाइलची पीडीएफ टाकू नका. 'तुमचा ओव्हॅलिटीचा प्रश्न वाचला, पुढं काय झालं?' एवढंच विचारा. ग्रुप दोनच ठेवा, बाकीचे सोडा. व्हॉट्सॲपवर एका ग्रुपात १०२४ जण मावतात, त्यातले निम्मे गुड मॉर्निंग पाठवतात. तुमची पोस्ट दुपारपर्यंत वाहून जाते.

हुबळी_साइड:
भाषेचं कुणी बोललं नाही. हुबळी-धारवाडचं काम हवं असेल तर दोन ओळी कन्नडमध्ये लिहा, लगेच फरक पडतो.

खानापूरचा_दादा:
का म्हणून? बेळगावात राहून मराठीत लिहायचं नाही होय आम्ही?

हुबळी_साइड:
मराठीत लिहू नका असं कुठं म्हटलं मी?

नियंत्रक:
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे. इथं नको. पुढचे प्रतिसाद उडवले आहेत.

बेळगाव_पोरगा:
हत्तरगीच्या एअरोस्पेस एसईझेडमध्ये ट्राय करा ना. जवळच आहे.

निपाणीकर:
त्यांना एएस ९१०० लागतं, विमानाच्या कामाचं क्वालिटी सर्टिफिकेट. ह्यांनी अजून मटेरियलसुद्धा सांगितलेलं नाही.

उद्यमबाग_शेड:
सांगतो, थांबा. टेबल १००० बाय ५००. एसजी आणि ग्रे आयर्न, जास्त करून पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉडी. पन्नास ते तीनशे नगांचे लॉट. आता असं टाकू का: "पातळ भिंतीच्या एसजी बॉडीत एच७ बोअर धरतो, लहान लॉट घेतो"?

शिरोली_पर्चेस:
हे चाललं. 'लहान लॉट घेतो' आधी घ्या, मोठे व्हेंडर तिथंच नाही म्हणतात. मशिनच्या फोटोऐवजी जॉबचा टाका, पण पार्टीचा पार्ट नंबर झाकून. तपासणी कशावर?

उद्यमबाग_शेड:
बोअर गेज शेडमध्ये आहे. सीएमएम, म्हणजे मोजमापाच्या मशिनवरची तपासणी, बाहेरून करून आणतो.

शिरोली_पर्चेस:
पहिल्या लॉटला चालेल. रिपोर्ट जॉबबरोबरच पाठवत चला, मागायची वेळ आणू नका.

चिकोडी_टॅक्स:
एक राहिलं. माल कोल्हापूरहून जॉबवर्कला बेळगावला येणार म्हणजे राज्य बदललं. अशा मालाला किंमत पन्नास हजारांच्या आत असली तरी ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल, लागतं. चलनावर 'जॉबवर्कसाठी' असं स्पष्ट हवं, आणि माल एका वर्षात परत गेला पाहिजे. जॉबवर्कच्या बिलाला आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधला जीएसटी, लावायचा; राज्याच्या आतला सीजीएसटी-एसजीएसटी नाही.

उद्यमबाग_शेड:
हे मी विचारलंच नव्हतं.

चिकोडी_टॅक्स:
विचाराल की. तेव्हा टेम्पो सीमेवर कोगनोळीला उभा असेल.